रात्रपाळीतला तंत्रज्ञ आणि पदवीचे दार

ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एक निर्णय जाहीर केला. सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधीच्या २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याच्या कक्षेत येणारा कोणताही अभ्यासक्रम यापुढे दूरशिक्षणाने अथवा ऑनलाइन पद्धतीने चालविता येणार नाही, असा तो निर्णय होता. वैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार आदी विषयांना दूरशिक्षणात मज्जाव पूर्वीपासून होताच. आता मानसशास्त्र, आहारशास्त्र यांच्यासह या कायद्याखालच्या सर्वच शाखा त्या कुंपणाआड गेल्या. चर्चा झाली ती मुख्यतः मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची. त्यांची संख्या मोठी, आणि विद्यापीठांचा त्यांच्या शुल्कात गुंतलेला जीवही मोठा. अतिदक्षता विभागात रात्री दोन वाजता व्हेंटिलेटरच्या पडद्यावर नजर लावून उभा असलेला तंत्रज्ञ मात्र या चर्चेत फारसा कोणाला दिसला नाही. पदविका घेऊन दहा-बारा वर्षे नोकरी केलेल्या, पस्तिशी गाठलेल्या आणि पदवीची आशा अद्याप न सोडलेल्या या माणसाला हा निर्णय नेमका कोणत्या दाराशी आणून सोडतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

निर्णयामागचा हेतू वाईट आहे असे म्हणता येणार नाही. ज्याने रुग्णाच्या श्वासनलिकेत बसविलेली नळी डोळ्यांनी कधी पाहिली नाही, त्याने टपालाने आलेल्या पुस्तिका वाचून श्वसनोपचाराची पदवी मिळवावी आणि ती घेऊन थेट रुग्णाच्या उशाशी उभे राहावे, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे. अशा पदव्यांचा बाजार आपल्याकडे भरला नव्हता असेही नाही. गल्लीबोळांत उघडलेली ‘पॅरामेडिकल’ शिक्षणाची दुकाने, रुग्णालयाशी केवळ कागदावरचा संबंध, आणि वर्षअखेरीस गुणपत्रिकेची हमी, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याला पायबंद घालणे आवश्यकच होते. परंतु एकच कुलूप दोन निरनिराळ्या माणसांसाठी लावले गेले आहे. एकाने ती नळी कधी पाहिलेली नाही. दुसरा ती रोज रात्री पाहतो, साफ करतो, तिच्या फुग्यातील दाब मोजतो, आणि रुग्णाला यंत्रावरून सोडविण्याची वेळ आली की ती काढताना डॉक्टरांच्या शेजारी उभा असतो. पहिल्याला कुंपणाबाहेर ठेवण्याच्या भरात दुसऱ्याचीही वाट अडली आहे.

रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे श्वसनोपचार तंत्रज्ञ, हा व्यवसाय आपल्याकडील सामान्य वाचकाला अपरिचितच आहे. परिचारिका माहीत असते, क्ष-किरणवाला माहीत असतो, रक्त तपासणाराही माहीत असतो. व्हेंटिलेटर लावणारा आणि सांभाळणारा माणूस वेगळा असू शकतो, त्याचे एक स्वतंत्र शास्त्र असते, याची कल्पना नातेवाइकांना नसते आणि पुष्कळदा रुग्णालयांनाही नसते. अनेक ठिकाणी हे काम ‘आयसीयू टेक्निशियन’ या मोघम नावाने चालते. लहान शहरांत तर परिचारिका आणि निवासी डॉक्टरच ते आपापसांत वाटून घेतात.

या व्यवसायाची निकड जगाला कशी कळली त्याची कथा बोधप्रद आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना त्या काळी ‘लोखंडी फुप्फुस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पिंपवजा यंत्रात ठेवीत. तेथील ब्लेगडॅम रुग्णालयात अशी यंत्रे बोटांवर मोजण्याइतकी होती आणि रुग्ण शेकडो. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यास छिद्र पाडून नळी बसवावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरावी, असा उपाय सुचविला. पिशवी दाबायची कोणी? सुमारे दीड हजार वैद्यकीय व दंतवैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने ती दाबली. अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा जन्म त्या वॉर्डात झाला असे वैद्यकाचा इतिहास सांगतो. तेथे यंत्राची जागा माणसाच्या हाताने घेतली होती. पुढे पिशवी दाबणाऱ्या हाताची जागा यंत्राने घेतली, पण त्या यंत्राशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाची जागा कोणी घेऊ शकले नाही.

अमेरिकेत या माणसाला प्रथम पेशा म्हणून ओळख मिळाली. ऑक्सिजनची जड नळकांडी वॉर्डावॉर्डांतून ढकलत नेणारे कामगार ही त्याची मूळ जात. १९४७ मध्ये शिकागो येथे अशा मंडळींची पहिली संघटना उभी राहिली. नळकांडी ढकलणाऱ्यास दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना, अशा पायऱ्या चढत हा व्यवसाय आज तेथे परिचारिकेच्या बरोबरीने रुग्णशय्येशी उभा आहे. अलास्का वगळता सर्व राज्यांत त्याला परवाना लागतो.

पदवीने काय फरक पडतो?

कोणी विचारील, यंत्र चालविणाऱ्याला पदवी कशाला हवी? कळ दाबायची, आकडा लावायचा, घंटा वाजली की डॉक्टरांना बोलवायचे. हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. रुग्णालयांचे कारभारी तो रोज विचारतात आणि त्यांच्या पगारपत्रकांत त्याचे उत्तरही दिसते. म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

फुप्फुसांना तीव्र सूज येऊन श्वसन ढासळलेल्या रुग्णाला यंत्राच्या प्रत्येक श्वासागणिक किती हवा द्यावी, हा वरकरणी साधा दिसणारा हिशेब आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दर किलो वजनास १० ते १५ मिलिलिटर असा परिपाठ होता. रक्तातील वायूंचे आकडे छान दिसत म्हणून सारे समाधानी असत. २००० साली अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या ८६१ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर किलोस १२ मिलिलिटरच्या हिशेबाने हवा दिलेल्यांत सुमारे ४० टक्के रुग्ण दगावले होते. ६ मिलिलिटरच्या हिशेबाने दिलेल्यांत ३१ टक्के. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, केवळ एक आकडा निम्म्यावर आणल्याने शंभरांतील नऊ माणसे वाचली. मोठ्या श्वासांनी फुप्फुसे ताणली जातात, फाटतात, आणि जीव वाचविणारे यंत्रच जीव घेते, ही गोष्ट तेव्हा सिद्ध झाली.

यातील खरी मेख पुढे आहे. हा हिशेब वजनकाट्यावरच्या वजनाने करायचा नसतो; उंची आणि लिंग यांवरून काढलेल्या अपेक्षित वजनाने करायचा असतो, कारण माणूस लठ्ठ झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत. उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ७० किलो, अशी बाई आपल्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयात आढळेल. काट्याच्या हिशेबाने तिच्या यंत्रावर ४२० मिलिलिटरचा आकडा लागेल. उंचीच्या हिशेबाने तिचे अपेक्षित वजन ४३ किलोच्या आसपास भरते, आणि तिला मिळायला हवेत अवघे २६०. म्हणजे दीडपटीहून अधिक हवा तिच्या सुजलेल्या फुप्फुसांत दर मिनिटाला वीस-पंचवीस वेळा कोंबली जाईल, आणि कोणतीही घंटा वाजणार नाही. ज्या तंत्रज्ञाला ‘किलोस सहा’ एवढेच तोंडी शिकविले गेले आहे तो निष्ठेने चूक करील. ‘सहा का, आणि कोणत्या किलोस’ हे ज्याला समजले आहे तो मोजपट्टी काढून आधी रुग्णाची उंची मोजील.

पदवीच्या अभ्यासक्रमात मिळते ते हे ‘का’. शरीरक्रियाशास्त्र, रोगविज्ञान, थोडे संख्याशास्त्र, संशोधनाचा लेख वाचण्याची सवय. १९९५ साली जे शिकले ते २००० साली चूक ठरले. आज जे शिकविले जाते त्यातील काही उद्या चूक ठरेल. चूक ठरल्याची बातमी ज्याला वाचता येते आणि वाचून आपला हात बदलता येतो, असा माणूस त्या यंत्राशी हवा. पदविकाधारकांत अशी माणसे नाहीत असे नव्हे. अनुभवाने आणि स्वतःच्या जिज्ञासेने नव्या पदवीधराला धडे देतील असे जुने तंत्रज्ञ अनेक रुग्णालयांत आहेत. पण त्यांचे ते ज्ञान नियमावलीच्या लेखी शून्य असते.

महाराष्ट्राने याचा प्रत्यय करोनाच्या काळात घेतला आहे. २०२० मध्ये पंतप्रधानांच्या निधीतून पन्नास हजार व्हेंटिलेटर्ससाठी दोन हजार कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. यंत्रे आली. मे २०२१ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शासकीय रुग्णालयाला मिळालेल्या व्हेंटिलेटर्सचा प्रश्न थेट उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठासमोर गेला. यंत्रेच सदोष आहेत असे एका बाजूचे म्हणणे. ती बसविण्यात आणि हाताळण्यात दोष आहे असे दुसऱ्या बाजूचे. त्या वादाचा निवाडा करणे हा येथे हेतू नाही. केंद्राने दिलेल्या व्हेंटिलेटर्सच्या वापराची तपासणी करावी आणि ते चालविणाऱ्यांना उजळणीचे प्रशिक्षण द्यावे, असा आदेश त्याच महिन्यात पंतप्रधानांना द्यावा लागला, एवढे नमूद करणे पुरे. साथीच्या ऐन लाटेत यंत्र चालविण्याची उजळणी करण्याची पाळी यावी, यातच आधीच्या तीस वर्षांचा हिशेब आला. यंत्र निविदा काढून महिन्याभरात विकत घेता येते. ते चालविणारा माणूस घडवायला वर्षे लागतात आणि त्यासाठी निविदा निघत नाही.

अमेरिकेचा धडा, आणि त्याची दुसरी बाजू

अमेरिकेतही बहुसंख्य श्वसनोपचार तंत्रज्ञ दोन वर्षांच्या शिक्षणानंतर नोकरीला लागलेले. २०१५ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने असे उद्दिष्ट ठरविले की, २०२० पर्यंत ८० टक्के व्यावसायिकांजवळ पदवी असावी किंवा ते ती घेण्याच्या मार्गावर असावेत. २०१८ पासून नव्याने निघणारे अभ्यासक्रम किमान पदवीचे असावेत, असे अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाने ठरविले. मग आधीपासून नोकरीत असलेल्यांचे काय? त्यांना पुन्हा पहिल्या वर्षाच्या बाकावर बसवावयाचे नाही, हे तेथे आरंभीच स्पष्ट होते. राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आणि परवाना असलेल्या माणसाला पूर्वीच्या शिक्षणाचे श्रेयांक द्यायचे, रुग्णशय्येवरील कौशल्य त्याच्याकडे आहे असे गृहीत धरायचे, आणि उरलेला बौद्धिक भाग त्याच्या पाळ्या सांभाळून, पुष्कळदा ऑनलाइन, पूर्ण करून घ्यायचा. अशा ‘पदवीपूर्ती’ अभ्यासक्रमांसाठी त्याच मंडळाने मान्यतेचे वेगळे निकष केले. जे शिक्षण नवख्याला घरबसल्या देणे धोक्याचे ठरते, तेच परवानाधारकाला घरबसल्या दिले तर चालते, कारण त्याची प्रयोगशाळा तो रोज बारा तास राबतो तेथेच आहे. आपल्या आयोगाच्या निर्णयात हटकून निसटलेला भेद तो हाच.

तेथे सारे आलबेल आहे, असे मात्र समजू नये. पदविका व पदवी या दोघांनाही राष्ट्रीय परीक्षा एकच आणि परवानाही एकच. रुग्णालय पगार ठरविते ते परवान्यावर आणि सेवाकाळावर. तेव्हा कर्ज काढून, सुट्ट्या मोडून पदवी मिळविणाऱ्याच्या हाती महिनाअखेरीस जास्तीचे काही पडतेच असे नाही. संघटनेने पदवीचा आग्रह धरावा आणि मालकाने तिची किंमत देऊ नये, या कात्रीत तेथील तंत्रज्ञ सापडले आहेत, आणि त्यांतील पुष्कळांनी हे उघड बोलून दाखविले आहे. परिचारिकांच्या बाबतीतही असेच झाले. २०२० पर्यंत ८० टक्के परिचारिका पदवीधर व्हाव्यात अशी शिफारस तेथील एका मान्यवर संस्थेने २०१० मध्ये केली होती. २०२० उजाडले तेव्हा ते उद्दिष्ट दूरच होते. न्यूयॉर्क राज्याने त्यातून एक शहाणपणाचा मार्ग काढला. २०१७ च्या कायद्यान्वये नव्याने नोंदणी होणाऱ्या परिचारिकेने नोकरी करीत दहा वर्षांच्या आत पदवी पूर्ण करावी, आणि ज्यांची नोंदणी आधीच झाली आहे त्यांना त्यातून सूट असावी, असे ठरले. दहा वर्षे ही मुदत उदार वाटेल. पण लग्न, बाळंतपण, आईबापांची आजारपणे आणि रात्रपाळ्या यांतून पदवी मिळवावयाची तर माणसाला तेवढा अवधी लागतो, हे त्या कायद्याच्या मसुदाकारांना ठाऊक असावे.

आपल्या कायद्याची पायरी

आता २०२१ च्या आपल्या कायद्याकडे वळावे. हा कायदा स्वागतार्ह आहे यात शंका नाही. पन्नासहून अधिक व्यवसायांना त्याने प्रथमच एका छत्राखाली आणले. आजवर ज्यांची कोठे नोंद नव्हती त्यांना नोंदवही दिली. त्याने दोन वर्ग केले आहेत. दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे शिक्षण घेऊन पदविका वा पदवी मिळविलेला तो ‘सहयोगी आरोग्य व्यावसायिक’. तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण घेऊन पदवी मिळविलेला तो ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’. दोन पायऱ्यांमध्ये १,६०० तासांचे अंतर आहे. पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्याने दुसरीवर कसे जायचे? दिवसभराच्या महाविद्यालयात प्रवेश घेऊन, म्हणजे नोकरी सोडून. ज्याच्या पगारावर घर चालते त्याला हे सांगणे म्हणजे न जाण्यास सांगणे होय. आणि त्या १,६०० तासांपैकी किती तास त्याने रुग्णशय्येशी आधीच भरले आहेत, हे मोजण्याची कोणतीही रीत आज प्रचारात नाही. बारा वर्षे अतिदक्षता विभागात काढलेल्या माणसाने पंचवीस हजार तासांहून अधिक काळ ते काम केलेले असते.

रीत नसली की माणूस आडवाट शोधतो, आणि आडवाटेवर लुटारू बसलेलेच असतात. अभियांत्रिकीच्या क्षेत्रात हे घडून गेले आहे. २००१ नंतर चार अभिमत विद्यापीठांनी अधिकार नसताना दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या. त्या घेणाऱ्यांत पदविका घेऊन सरकारी-निमसरकारी नोकरीत असलेली, बढतीची वाट पाहणारी माणसे मोठ्या संख्येने होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. २००१ ते २००५ या वर्षांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना नव्याने परीक्षा देण्यास सांगण्यात आले. त्यानंतरच्यांच्या तर रद्दच झाल्या. पदवीच्या आधारावर मिळालेल्या बढत्या गेल्या. न्यायालयाचा निकाल शिक्षणाच्या दर्जाच्या दृष्टीने योग्यच होता. पण पन्नाशीला आलेल्या कनिष्ठ अभियंत्याने तरुण मुलांच्या रांगेत बसून पुन्हा परीक्षा द्यावी, हा दंड ज्यांनी पदव्या विकल्या त्यांच्यापेक्षा ज्यांनी विकत घेतल्या त्यांना जड गेला. सरळ वाट बांधून न देता केवळ आडवाट बंद केली की पुढची फसवणूक वेगळ्या नावाने येते. आरोग्यक्षेत्रात ती आली तर तिचा फटका रुग्णालाही बसेल.

त्याच अभियांत्रिकीने पुढे सरळ वाट कशी असते हेही दाखविले आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून नोकरदार पदविकाधारकांसाठी पदवीचे वर्ग सोयीच्या वेळी चालविण्याची मुभा महाविद्यालयांना दिली. थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी तासिका, आणि पदवी मात्र नेहमीचीच. तेथे दूरशिक्षणाचा प्रश्नच उद्भवत नाही; विद्यार्थी वर्गात येतो, केवळ वर्गाची वेळ त्याच्या नोकरीला मान देते. कारखान्यातील पदविकाधारकाला जे मिळाले ते रुग्णालयातील पदविकाधारकाला का मिळू नये?

परिचारिकांच्या बाबतीत तर आपल्याकडे याहून जुना दाखला आहे. पदविका घेतलेल्या नोंदणीकृत परिचारिकेने दोन वर्षांत पदवी पूर्ण करावी यासाठी ‘पोस्ट बेसिक’ अभ्यासक्रम अनेक दशके चालू आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो सेवेतील परिचारिकांसाठी दूरशिक्षणाने सुरू केला. पुस्तके घरी आणि प्रात्यक्षिक रुग्णालयात, अशी त्याची घडण होती. त्या वाटेने पदवीधर झालेल्या परिचारिकांनी पुढे विद्यार्थिनींना शिकविले. आज त्या अभ्यासक्रमाचे नाव घेतले तर नियमावलीचे कलम पुढे केले जाईल.

महाराष्ट्राने तरी या बाबतीत मागे राहू नये, कारण नोकरी करणाऱ्याला शिकविण्याची परंपरा या भूमीत पक्की रुजलेली आहे. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी शेतकरी व कामकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा वर्ग सकाळच्या वेळी ठेवले, ते दिवसा कचेरीत जाणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून. त्या वर्गांतून पदवीधर होऊन कारकुनाचा अधिकारी झालेली एक अख्खी पिढी मुंबईने पाहिली. बहिःस्थ परीक्षेचे अर्ज भरून, उन्हाळी सुट्टीत अभ्यास करून बी. ए. झालेले प्राथमिक शिक्षक तर खेडोपाडी होते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने सेवेतील शिक्षकांसाठी बी. एड. चालविले तेव्हा, शिक्षकाचा वर्ग हीच त्याची प्रयोगशाळा, हे सूत्र मान्य झालेले होते. तंत्रज्ञाचा वॉर्ड ही त्याची प्रयोगशाळा मानण्यास मग अडचण कसली?

अडचण एक आहे, आणि ती खरी आहे. शिक्षकाच्या वर्गाची पाहणी करता येते. रात्री दोन वाजता वॉर्डात तंत्रज्ञाने काय केले याची साक्ष कोण देणार? खासगी रुग्णालयाच्या व्यवस्थापकाने सही-शिक्का मारून दिलेले अनुभवाचे प्रमाणपत्र हा आपल्याकडे स्वस्त मिळणारा कागद आहे. त्यावर विसंबून श्रेयांक वाटले तर नवी योजनाही जुन्या दुकानांच्याच वळणावर जाईल. म्हणून अनुभव कागदावरून मोजू नये, परीक्षेने मोजावा. उमेदवाराला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अतिदक्षता विभागात परीक्षकांसमोर उभे करावे. यंत्र लावून दाखव, धमनीतील रक्ताचा अहवाल वाचून दाखव, या रुग्णाला आज यंत्रावरून सोडवावे की नाही आणि का ते सांग. जो उत्तीर्ण होईल त्याला प्रात्यक्षिकाचे तास मिळाले असे समजावे. जो होणार नाही त्याने ते भरून काढावेत. बारा वर्षे चुकीच्या पद्धतीने काम केलेला माणूसही असतो, आणि अशा परीक्षेत तोही उघडा पडेल. त्याला अनुभवी म्हणून पुढे रेटण्यापेक्षा ते बरे.

महाराष्ट्रात याची सोय होण्यास फार काही नव्याने उभारावे लागेल असेही नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेले मुक्त विद्यापीठ नाशकात आहे आणि १९९८ मध्ये स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठही नाशकातच आहे. एकाजवळ नोकरदाराला शिकविण्याची हातोटी आहे, पुस्तके लिहून घेण्याची यंत्रणा आहे. दुसऱ्याजवळ वैद्यकीय महाविद्यालये, अतिदक्षता विभाग आणि परीक्षक आहेत. पदवी आरोग्य विद्यापीठाने द्यावी, पुस्तकी भागाच्या तयारीत मुक्त विद्यापीठाने हात द्यावा, आणि संपर्कवर्ग वैद्यकीय महाविद्यालयांत आठवड्याच्या सुट्टीला व्हावेत, अशी आखणी झाली तर तिला दूरशिक्षण म्हणून नाकारणे कोणासही जड जाईल. त्यासाठी राष्ट्रीय आयोगाने आपल्या नियमांत सेवेतील पदविकाधारकाच्या पार्श्वप्रवेशाची तरतूद करावी लागेल आणि अनुदान आयोगाने सेवेतील परवानाधारक व नवखा विद्यार्थी यांत भेद मान्य करावा लागेल. दोन्ही कामे दिल्लीची. पण त्यासाठीचा प्रस्ताव मुंबईहून जावा लागतो, आणि तो गेल्याचे अजून ऐकिवात नाही.

राहिला पगाराचा प्रश्न. अमेरिकेची चूक येथे करून चालणार नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या आणि महानगरपालिकांच्या रुग्णालयांत तंत्रज्ञांच्या वेतनश्रेण्या पदवीचा विचार न करता ठरलेल्या असतील, आणि त्यातही बरेचसे तंत्रज्ञ कंत्राटावर, अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर असतील, तर पदवी घेऊन त्यांना मिळणार काय? पदवी पूर्ण केलेल्यास वरिष्ठ तंत्रज्ञाचे पद आणि एक वाढीव श्रेणी द्यावयाची, हे अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीच शासननिर्णयात लिहिले गेले पाहिजे. अभ्यासाच्या काळात पाळ्यांची सवलत हवी. परीक्षेच्या आदल्या रात्री रात्रपाळी लागू नये इतपत तरी. कंत्राटी तंत्रज्ञाची नेमणूक अभ्यासक्रमाच्या मध्यावर संपू नये, याची हमी हवी. शुल्काचा काही भाग रुग्णालयाने उचलावा आणि त्या बदल्यात दोन-तीन वर्षांच्या सेवेचा करार लिहून घ्यावा, ही पद्धत खासगी रुग्णालयांनाही परवडेल. शिकवून तयार केलेला माणूस आखाती देशांत निघून जातो, ही त्यांची नेहमीची तक्रार त्याने निदान काही काळ थांबेल. पहिली तुकडी वीस-पंचवीस जणांची निघाली तरी पुरेसे आहे. ती नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे काढावी, मुंबई-पुण्यात नको. तेथील तंत्रज्ञाला शिकण्यासाठी दुसरे काहीच उपलब्ध नाही.